बोट धरून दिलेली उत्तरं

त्या मुलीला ऐकू येत नव्हतं, आणि जवळजवळ दोन वर्षं तिच्या नावापुढे ‘ऐकून ओळखते’ या रकान्यात हिरवी खूण येत राहिली. ती खूण मी आणली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी शाळेवर, हेडमिसवर आणि त्या टॅबवर बराच राग काढणार आहे, आणि वाचणाऱ्याला उगाच वाटायला नको की ही बाई बिचारी मध्ये सापडली. मी मध्ये सापडले नव्हते. तीस वर्षं शिशुवर्ग सांभाळलेली शिक्षिका होते मी. काय करतेय ते मला कळत होतं. त्यात कोणाचं काय जाणार आहे, तेवढंच कळत नव्हतं.

शाळा मैसूरच्या कुवेंपुनगरात होती. मूळचं दुमजली राहतं घर, त्याच्या हॉलमध्ये आमचा वर्ग. सकाळी स्कूटरच्या पुढ्यात उभी राहून पोरं यायची, गळ्यात पाण्याची बाटली आणि तोंडात अर्धी इडली. आम्हाला सगळे ‘मिस’ म्हणत. पन्नाशी उलटली, केस पांढरे झाले, तरी मिसच.

आमचं घराणं रंगाऱ्यांचं. आजोबा कापड रंगवायचे, छापायचे. वडिलांनी तो उद्योग सोडून कचेरी धरली आणि मी खडू धरला. मैसूरात आमच्या किती पिढ्या झाल्या ते कोणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी बोलतो, पण तिच्यात निम्मं कन्नड; ‘हो ना?’च्या जागी ‘अल्वा?’, ‘हो’च्या जागी ‘हौदू’. पुण्याकडचा पाहुणा आला की आमचं बोलणं ऐकून हसू दाबतो, आणि आम्ही त्याच्या समोर मुद्दाम जास्त कन्नड बोलतो.

ती मुलगी आमच्यातलीच. वडील नंजनगूडच्या एका कारखान्यात, सकाळच्या गाडीनं जायचे आणि अंधार पडल्यावर परतायचे. आई घरीच असायची. पोर साडेतीन वर्षांची होती तेव्हा आई तिला घेऊन आली, आणि आमची भाषा एक आहे हे कळल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. मला ‘मिस’ सोडून ‘अक्का’च म्हणायला लागली.

“अक्का, बोलायला जरा लेट आहे ही,” ती म्हणाली. “घरात मराठी, खाली ओनरच्या घरात कन्नड, टीव्ही लावला की हिंदी. आता तुमच्याकडं इंग्लिश. गोंधळतंय अल्वा पोर?”

“हौदू,” मी म्हणाले. “मी स्वतः चार वर्षांची होईपर्यंत तोंड उघडलं नव्हतं. आमच्यातली पोरं लेटच बोलतात.”

हे मी मनाचं सांगितलं नव्हतं. आमच्या लोकांत हे वेदवाक्य आहे. प्रत्येक घरात असा एक काका नाहीतर मावशी असते, जी पाचव्या वर्षापर्यंत मुकी होती आणि आता थांबता थांबत नाही. लग्नात, बारशात तिच्याकडे बोट दाखवून सगळे हसतात. जे पोर पुढेही बोललंच नाही, त्याची गोष्ट मात्र कोणी कधी सांगत नाही. तसं पोर कोणाच्याच घरात नव्हतं, असं काही नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये शाळेत टॅब आले. प्रत्येक मुलाला एक, रबराच्या जाड कवचात, वरून आपटला तरी फुटणार नाही असा. बंगळुरूहून एक तरुण माणूस शिकवायला आला. त्यानं आयुष्यात कधी एका वेळी दोन मुलांची नाकं पुसली नसावीत, पण तीन वर्षांचं मूल कसं शिकतं यावर तो दोन तास बोलला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते त्या दिवशी आम्ही पाहिलं. टॅबमधली बाई कन्नडमधून नाहीतर इंग्रजीतून विचारायची, हत्ती कुठे आहे. पडद्यावर चार चित्रं. मुलानं हत्तीला बोट लावलं की चांदण्यांचा पाऊस पडायचा. चुकलं तर ती पुन्हा तेच विचारायची. आणि दर शनिवारी पालकांच्या मोबाईलवर तक्ता जायचा: रंग, आकार, आकडे, ऐकून ओळखणं. येतंय त्याला हिरवं, जेमतेम येतंय त्याला पिवळं, येत नाही त्याला लाल.

त्या माणसानं एक गोष्ट मात्र बजावून सांगितली होती. “पहिल्यांदा हवं तर बोट धरून दाखवा. नंतर हात काढून घ्या.” मी वहीत लिहून घेतलंही होतं. पण उंटावरच्या माणसाचं कोण ऐकतं.

टॅब वाईट होता असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू. एक मुलगी होती, पुस्तक उघडलं की डोळे मिटून घ्यायची, ती त्या टॅबवर आंबे मोजत वीसपर्यंत गेली. मला तीस वर्षांत न सापडलेली युक्ती त्या पाटीएवढ्या वस्तूला सापडली होती, आणि मला त्याचा थोडा मत्सरही वाटला.

पण शिकवायची माझी रीत वेगळी होती आणि ती माझ्या हाडात होती. दसऱ्यात सरस्वतीपूजेच्या दिवशी आमच्याकडे लहान पोराला मांडीवर घेतात, ताटात तांदूळ पसरतात, आणि त्याचं बोट धरून पहिलं अक्षर काढून घेतात. पोर इकडे तिकडे बघत असतं, एखादं झोपलेलंही असतं. अक्षर उमटतं, सगळे हात जोडतात, पोराच्या हातावर साखर पडते. अक्षर कोणी काढलं हे कोणी विचारत नाही. वर्गातही मी तीस वर्षं तेच करत आले. हाताला धरून लिहायला शिकवते ती मिस, असं माझं नाव होतं, आणि पालक त्यासाठी आपली मुलं माझ्या वर्गात द्या म्हणून भांडायचे. त्या तांदळानं कधी शनिवारी कोणाला निरोप पाठवला नव्हता.

पहिल्या शनिवारी त्या मुलीचा तक्ता आला. रंग हिरवे. आकार हिरवे. चित्राला चित्र जोडणं, सगळ्या वर्गात पहिली. आणि ‘ऐकून ओळखते’ समोर लाल. दुसऱ्या आठवड्यात लाल, तिसऱ्या आठवड्यात लाल.

आज तो तक्ता डोळ्यांसमोर आणते तेव्हा वाटतं, याहून स्पष्ट कोणी काय सांगायचं होतं. डोळे उत्तम आहेत, कान बघा. त्या यंत्रानं पहिल्याच महिन्यात, कोणाची भीड न बाळगता, खरं ते सांगितलं होतं. ते ऐकायला मी नकार दिला, आणि पुढे मीच त्याचं तोंड बंद केलं.

मला राग आला होता. पोर मराठी घरातलं, आणि ही टॅबमधली बाई रेडिओवरच्या बातम्यांसारखं कन्नड बोलणार, वर लाल शेराही मारणार. त्यात हेडमिसनं मीटिंग घेतली. तिच्या समोर सगळ्या वर्गांचे तक्ते छापून ठेवलेले. “लाल दिसलं की पालकांचे फोन येतात,” ती म्हणाली. “जानेवारीत ॲडमिशन सुरू होतील. मिस, तुमच्यासारख्या सीनियरच्या वर्गात लाल कसं?” इतर मिस माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या वर्गात लाल का नाही हे मला ठाऊक होतं. एक जण तर मुलं घरी गेल्यावर स्वतःच टॅबवर उत्तरं देत बसायची.

मी तसलं काही करणार नव्हते. मी पुढच्या सोमवारी त्या मुलीला मांडीवर घेतलं आणि तिचं बोट धरलं. माझ्या मते ही लबाडी नव्हतीच. हे शिकवणं होतं.

टॅबमधली बाई विचारायची, मी तिचं इवलंसं बोट हत्तीवर नेऊन टेकवायची, चांदण्या पडायच्या आणि ती खिदळायची. चांदण्या तिला फार आवडायच्या. बोट कोणाचं आणि हात कोणाचा हे टॅबला कळत नाही. दोन आठवड्यांत लाल गेलं, पिवळं आलं, दिवाळीपर्यंत हिरवं. रंगाऱ्याच्या घरात मला लहानपणीच शिकवलं होतं की निळ्यावर पिवळं चढवलं तरी हिरवं दिसतं, आणि कच्चा रंग पहिल्या धुण्यात जातो. ते शहाणपण मला कापडापुरतंच आठवायचं.

खुणा नव्हत्या असं नाही. दार आपटलं की ती दचकायची, बाहेर बसचा हॉर्न वाजला की बघायची, म्हणून कानांबद्दल शंका आली नाही. मोठा दणका तेवढा तिच्यापर्यंत पोचायचा, बोलणं नाही, हे मला फार उशिरा कळलं. पण मागून हाक मारली तर वळायची नाही. मी तिला हट्टी म्हणायची. गाण्यात सगळी मुलं हात वर करायची आणि ती शेजारणीकडे बघून, क्षणभर मागे राहून हात वर करायची. मी तिच्या वहीत लिहिलं, अभिनयात चांगली. वाचूनच चीड येते आता.

वर्ष उलटलं. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात एक दिवस तिची आई शाळा सुटल्यावर थांबली. पोर अंगणात घसरगुंडीवर होती.

“अक्का, एक विचारू?” ती म्हणाली. “मागनं हाक मारली तर बघतच नाही ही. अजून ‘अम्मा’ सोडून धड एक शब्द नाही. आमच्या ह्यांची आई म्हणते, कान दाखवा एकदा.” मग तिनं मोबाईल काढला आणि तक्ता माझ्यापुढे धरला. “पण इथं तर ग्रीन आहे की. दर आठवड्याला ग्रीन. ऐकून सांगते म्हणून लिहिलंय.”

तेव्हा मला बोलता आलं असतं. बोट मी धरते, एवढे तीन शब्द. त्या पोरीशिवाय अंगणात कोणी नव्हतं, हेडमिस घरी गेली होती. पण वर्षभराचे हिरवे तक्ते, माझं नाव, हाताला धरून शिकवणारी मिस, हे सगळं त्या तीन शब्दांवर उभं होतं. आणि मला खरंच वाटत होतं की पोर आज ना उद्या बोलेल, मीही बोललेच होते.

“ग्रीन आहे ना?” मी म्हणाले. “मग ऐकू येतंच की. मशीनला काय आपलं-परकं असतं का?”

तिचा चेहरा एकदम हलका झाला. “तेच ह्यांना सांगितलं मी,” ती म्हणाली. “मिसना ठाऊक असतं सगळं. इरली बिडी मग, राहू दे.” तिनं पोरीला घसरगुंडीवरून उतरवलं आणि घरी गेली. त्या एका वाक्यानं मी त्या पोरीचं आणखी एक वर्ष घालवलं. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते माझ्याच वर्गात घडलं.

आणि हे कुठे, तर मैसूरात. बोलण्या-ऐकण्याच्या दोषांवर उपचार करणारी मोठी संस्था आमच्या गावात आहे. बिहारहून, आसामातून आईबाप तिथे पोरं घेऊन येतात, भाड्याच्या खोल्यांत महिनोन्‌महिने राहतात. कुवेंपुनगरातून सिटी बसनं अर्धा तास. मी आयुष्यभर तिच्या दारावरून गेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. आम्ही वळसाही घातला नाही, घरीच बसून राहिलो.

पोर साडेपाच वर्षांची झाल्यावर आई तिला पहिलीच्या प्रवेशासाठी मोठ्या शाळेत घेऊन गेली. तिथल्या बाईंनी तिच्याशी दोन मिनिटं खेळल्यासारखं केलं आणि मग तोंडासमोर एक कागद आडवा धरून नाव विचारलं. पोर कागदाकडे बघत राहिली. बाईंनी कागद बाजूला करून तेच विचारलं, तेव्हा तिनं त्यांच्या ओठांकडे पाहून हसून मान हलवली. “हिचे कान तपासून घ्या,” बाई म्हणाल्या. त्यांना टॅब लागला नाही, तक्ता लागला नाही. एक कागद पुरला.

आईचा मला फोन आला. रडत नव्हती, गोंधळलेली होती. “त्यांचं काय तरी चुकलं असणार अल्वा, अक्का? उद्या तपासायला नेतोय. तुम्ही या की. डॉक्टर विचारतील शाळेत कसं होतं म्हणून. मला नीट सांगायला येत नाही.” माझ्यावरचा तिचा विश्वास अजून तसाच होता. मी गेले. न जाऊन काय सांगणार होते?

तपासणाऱ्या बाई तरुण होत्या, शांत, कन्नडमधून सावकाश बोलणाऱ्या. आईनं प्लास्टिकची फाइल त्यांच्यापुढे ठेवली. तिनं दोन वर्षांचे सगळे तक्ते छापून आणले होते, तारखेनं लावून. बाईंनी एकेक पान वाचलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“पहिले काही आठवडे सोडले तर चौथ्या वर्षी ही नुसतं ऐकून इतकं बरोबर ओळखत होती?” त्यांनी विचारलं. “म्हणजे तेव्हा ऐकू येत होतं आणि नंतर गेलं. तसं असेल तर प्रकरण वेगळं आहे. का गेलं ते आधी शोधावं लागेल. अजून उतरतंय का तेही बघावं लागेल.”

आईचा चेहरा पांढरा पडला. आतापर्यंत तिला वाटत होतं काही नाही; आता तिला वाटायला लागलं की आपल्या पोरीच्या डोक्यात काहीतरी भयंकर वाढतंय. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी फाइलकडे पाहिलं. आत्ता नको, नंतर बाईंना एकटीला गाठून सांगू, असा विचार मी करत होते. भित्रेपणाला नेहमी असा एखादा सोयीचा विचार सापडतो.

मग त्यांनी पोरीला आतल्या बंद खोलीत नेलं. आम्हा दोघींना तिच्या मागे भिंतीजवळ बसवलं. पोरीच्या कानांवर हेडफोन, हातात लाकडी ठोकळा, समोर डबा. आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा, एवढाच खेळ. बाईंनी स्वतः दोनदा करून दाखवलं. पोर बारकाईनं बघत होती. मग बाईंनी आवाज सोडला.

पोरीनं ठोकळा टाकला नाही. ती डब्याकडे बघत होती, बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती. काहीतरी विचारलं गेलंय एवढं तिला कळलं. मग तिनं ठोकळा मांडीवर ठेवला, मान वळवून खोलीभर शोधलं, मी दिसले, आणि उजव्या हाताचं बोट माझ्याकडे पुढे केलं. ते धरलं जाण्याची वाट बघत ती तशीच बसून राहिली, अगदी शहाण्यासारखी.

बाईंनी पुन्हा करून दाखवलं. पुन्हा तेच. बोट पुढे आणि नजर माझ्यावर.

वर्गात हे ती रोज करायची. पडदा बदलला की बोट माझ्या हातात देऊन मोकळी व्हायची. मला त्यात तिची माया दिसायची. दोन वर्षांत मी तिला शिकवलेली एकमेव गोष्ट ती होती, आणि ती मात्र तिला पक्की आली होती.

“असं का करतेय ती?” बाईंनी मला विचारलं.

मी सांगितलं. कन्नडमधून सांगितलं, कारण मराठीत सांगायची माझी हिंमत नव्हती. जणू शेजारी बसलेल्या आईला कन्नड येतच नव्हतं. बोट मी धरत होते. सुरुवातीला लाल होतं. सगळी उत्तरं माझी आहेत. मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की वाक्यं पुरी होत नव्हती.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तपासणी पुरी करून बाहेर आल्यावर त्यांनी फाइल बंद केली, टेबलाच्या कडेला सरकवली आणि नवीन कागद घेतला. “मग हे बहुतेक जन्मापासूनचं आहे,” त्या म्हणाल्या. “यंत्रं लावू. पण भाषा यायची वर्षं हीच असतात. तीन वर्षांची असताना आणली असती तर फार फरक पडला असता.”

आता तिच्या दोन्ही कानांमागे यंत्रं आहेत. आई तिला रोज त्या संस्थेत घेऊन जाते, आणि सहा वर्षांची पोर दोन वर्षांच्या पोराचे शब्द शिकते आहे. हे मला दुसऱ्यांकडून कळतं. मी शाळा सोडली. सोडताना हेडमिसला सगळं सांगितलं, तर ती दार लावून घेत म्हणाली, पालकांमध्ये बोलू नका. टॅब अजून आहेत, आणि माझ्या जागी आलेल्या मिसचा वर्ग सगळा हिरवा असतो म्हणे.

तपासणीच्या त्या दिवशी आम्ही तिघी संस्थेतून बाहेर पडून बस स्टॉपवर उभ्या राहिलो. फाइल तिनं छातीशी धरली होती, आता तिचा काही उपयोग नसूनही. रस्त्याकडे बघतच ती बोलली.

“घरीही ती असंच बोट पुढं करायची, अक्का. मोबाईलवर गेम लावून दिला की. मी ह्यांना दाखवायची. म्हणायची, बघा, मिसनी किती जीव लावलाय.”

माफी मागायचं मनात आलं, पण ती मागून माझंच ओझं उतरलं असतं, तिचं नाही.

बस आली. बसची पायरी उंच होती. सवयीनं मी वाकले आणि पोरीनं सवयीनं हात पुढे केला. आईनं तिला हळूच खांद्याला धरून आपल्या पलीकडे घेतलं.

“नको अक्का,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “तिचं तिला चढू दे.”

पोर दोन्ही तळवे पायरीवर टेकवून, गुडघा घासत चढली, आणि तिच्या मागोमाग आई. मी त्या बसमध्ये चढले नाही.